जुन्या संगणकाचे घड्याळ आणि माऊस : एक सेल, एक कन्व्हर्टर आणि दोन माऊस यांचा अनुभव

आमच्या कऱ्हाडच्या छापखान्यात २००३ साली घेतलेला पेंटियम ४ संगणक अजून रोज सकाळी चालू होतो. तो भंगारात द्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात; पण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुके आणि सहकारी संस्थांचे अहवाल त्याच्यावर पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत, त्या फॉन्टच्या पॅकेजचे डोंगल (जे लावल्याशिवाय पॅकेज उघडत नाही अशी किल्ली) प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टमध्येच बसते, आणि ते पोर्ट असलेला नवा संगणक आता दुकानात सहज मिळत नाही. त्यामुळे यंत्र जपणे भाग आहे. गेल्या तीन वर्षांत त्याला दोनच दुखणी झाली : घड्याळ मागे जाऊ लागले आणि माऊस अडू लागला. त्यापायी जे जे विकत घ्यावे लागले, त्यातले काय उपयोगी पडले आणि कशावरचे पैसे वाया गेले, ते येथे लिहीत आहे.

घड्याळ चुकल्याने नेमके काय बिघडते, हे मला पत्रिकेच्या एका ऑर्डरमुळे कळले. वधूपक्षाने मुहूर्त बदलून दिला, ऑपरेटरने तो फाइलमध्ये दुरुस्त केला, आणि संध्याकाळी फाइल पेनड्राइव्हवर घेताना संगणकाने विचारले की पेनड्राइव्हवर याच नावाची नवी फाइल आहे, तिच्या जागी ही जुनी ठेवायची का. ऑपरेटरने साहजिकच ‘नाही’ म्हटले. प्रत्यक्षात नवी होती ती संगणकातली फाइल. पण त्या दिवशी संगणकाच्या हिशेबाने तारीख १ जानेवारी २००२ होती, म्हणून ताजी दुरुस्ती वीस वर्षांपूर्वीची ठरली. प्लेट जुन्या फाइलवरून निघाली आणि चारशे पत्रिका जुन्या मुहूर्तासह छापल्या गेल्या. “अहो, मुहूर्त बदलून दिला होता ना तुम्हाला?” असे मुलीचे मामा पत्रिका हातात धरून विचारत होते, तेव्हा मी पहिल्यांदा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारखेकडे नीट पाहिले. चौकशी केली तेव्हा ऑपरेटर म्हणाला की आठवडाभर रोज सकाळी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असे काहीतरी येते, एफ-वन दाबले की पुढे जाते, म्हणून तो दाबत होता.

ते वाक्य म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपल्याची नोटीस असते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला स्वतःचे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की तारीख आणि वेळ हाताने टाइप करावी लागे. १९८४ च्या एटी या यंत्रात मोटोरोलाची घड्याळाची चिप आली, तिच्याच पोटात यंत्राच्या सेटिंगसाठी थोडी स्मृती होती, आणि वीज नसताना दोन्ही जिवंत ठेवायला बॅटरी होती. आजही मांडणी तीच आहे. घड्याळाला ताल देणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो; हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याची पंधरा वेळा निम्मी-निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तोच आपला सेकंद. घड्याळ आणि सेटिंग एकाच सेलवर जगत असल्यामुळे सेल गेला की केवळ वेळ जात नाही, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आपण कष्टाने लावलेले सगळेच पुसले जाते. हा मुद्दा पुढे माऊस आणि कीबोर्डच्या प्रकरणात फार महाग पडला.

तरीही वेळ चुकली की लगेच सेल आणायला धावू नये. आधी किती चुकते आणि केव्हा चुकते हे दोन दिवस कागदावर लिहावे. रात्री बंद करताना बरोबर असलेली वेळ सकाळी मागे पडलेली दिसली, किंवा तारीख थेट एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर गेली, तर दोष बहुधा सेलचाच. दिवसाला सेकंद-दोन सेकंद चुकणे हा दोष नव्हे. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांच्या माहितीपुस्तिकांतच घड्याळ वर्षाला १३ मिनिटांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते असे छापलेले असे, आणि ते दिवसाला साधारण दोन सेकंद होतात. आणि वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल निर्दोष आहे हे नक्की समजावे. माझ्या भाच्याने हौसेने याच यंत्रावर विंडोज एक्सपीच्या शेजारी लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली टाकली होती. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स तेच घड्याळ जागतिक वेळेवर लावते, आणि दोघे आळीपाळीने चालू होतात तेव्हा एकमेकांची वेळ साडेपाच तासांनी ओढतात. लिनक्समध्ये काम करून परत एक्सपीत आले की सकाळचे दहा वाजलेले असताना पहाटेचे साडेचार दिसतात. लिनक्सला ‘स्थानिक वेळच ठेव’ असे एका आज्ञेने सांगता येते, त्याला खर्च शून्य. हे ठाऊक नसताना आम्ही एक सेल विनाकारण बदलला, हे कबूल करतो.

इंटरनेटवरून वेळ लावून घ्यावी आणि सेलचा प्रश्न टाळावा, असाही सल्ला मिळाला. एक्सपीमध्ये ती सोय आहे. पण ती ठरावीक दिवसांनीच, म्हणजे मुळात आठवड्यातून एकदा, वेळ विचारते, आणि तारीखच चुकीची असेल तर सुरक्षेचे कारण सांगून जुळणी नाकारते. तारीख आधी हाताने बरोबर करा, मग मी बरोबर करतो, असा तो सरकारी कचेरीत शोभणारा खाक्या आहे. शिवाय तारीख २००२ ची असताना ब्राउझर जवळजवळ प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ म्हणून फेटाळतो. सेलला पर्याय नाही.

आता सेलविषयी. लागतो तो सीआर-२०३२. नावातच माप आहे : २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट, क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. दिसायला तसेच २०२५ आणि २०१६ हेही मिळतात, पण ते पातळ असतात आणि खोबणीत सैल बसतात, म्हणून दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी घेऊ नयेत. पहिला सेल मी गावातल्याच एका दुकानातून २० रुपयांना घेतला. दुकानदाराने पत्र्याच्या डबीत हात घालून, चिल्लर निवडावी तसा, सुटा सेल काढून दिला. घरी मल्टिमीटरवर तो २.९४ व्होल्ट दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त झालो, आणि तीन महिने व्हायच्या आत पुन्हा १ जानेवारी उजाडला. या जातीच्या सेलचा दाब आयुष्यभर तीनच्या आसपास राहतो आणि अगदी शेवटी एकदम ढासळतो, त्यामुळे मीटरवरचा २.९ हा आकडा ‘चांगला’ नसून ‘संपत आलेला’ असू शकतो. सुटे सेल एका डबीत एकमेकांना चिकटून राहिले की त्यांची वरची आणि खालची बाजू जुळून ते आपापसांतच रिकामे होत राहतात. कितीही नामांकित सेल असला तरी अशा डबीतून घेतल्यावर त्याचा उपयोग नाही.

दुसरा सेल पुण्याला तपकीर गल्लीत गेलो असता घेतला : पॅनासॉनिकचा, पाच सेलांच्या बंद पट्टीतला, एक नग ५० रुपये या भावाने पूर्ण पट्टीच घेतली. मीटरवर ३.२६ व्होल्ट भरला. तो बसवून दोन वर्षे चार महिने झाले, एकदाही तारीख गेलेली नाही. बंद पाकिटात या सेलची क्षमता वर्षाला जेमतेम एक टक्का घटते, म्हणून राहिलेले चार सेल कपाटात पडून खराब होतील ही भीती नाही. मात्र ते पाकिटातच आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. नाण्याएवढा हा सेल लहान मुलाच्या घशात अडकला तर काही तासांत अन्ननलिका भाजून निघते, आणि अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ गाठावे लागते.

सेल बसवणे दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी कोणाला दोनशे रुपये देण्याची गरज नाही. बटण बंद करून वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, आणि खोबणीच्या कडेची छोटी पितळी पट्टी नखाने मागे ओढावी. सेल आपोआप वर उडतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून तो उचकटू नये, कारण टोक घसरून बोर्डवरची रेघ तुटली तर सेलच्या पन्नास रुपयांचे बोर्डच्या किमतीत रूपांतर होते. अधिक चिन्हाची, अक्षरे कोरलेली बाजू वर. नवा सेल सुती कापडात धरून बसवावा, बोटांचा घाम त्याच्या पृष्ठभागावर राहू नये. ज्यांच्याकडे याहून जुने, ३८६ किंवा ४८६ जातीचे यंत्र आहे, त्यांच्या बोर्डवर बहुधा निळ्या पिंपासारखी डाक दिलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती संपली तरी, आणि न संपली तरी, आधी काढून टाकावी. ती पाझरते, हिरवट-निळी बुरशीसारखी साय धरते आणि आसपासचे तांबे खाऊन टाकते.

सेलच्या आयुष्याविषयी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीमुळे वेगळी होते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय बोर्डला थोडी वीज देत राहतो आणि सेलवरचा भार हलका होतो. इंटेलच्या त्याच पुस्तिकांत वायर भिंतीत नसेल तर सेल अंदाजे तीन वर्षे टिकेल असे म्हटले आहे. आम्ही रात्री आठला छापखान्याचा मेन स्विचच पाडतो आणि सकाळी नऊला वर करतो, रविवारी तर चढवतच नाही. म्हणजे आठवड्यातले निम्म्याहून अधिक तास घड्याळ सेलवरच चालते. मेन पाडण्याची सवय मी मोडणार नाही, कारण वळवाच्या पावसातल्या विजेने आमचा एक मॉडेम जाळलेला आहे. दर अडीच वर्षांनी ५० रुपये घालवणे मला त्यापेक्षा स्वस्त वाटते.

आता माऊस. मूळ माऊस गोळीचा होता, आणि छापखान्यातल्या कागदाच्या भुशीला त्याच्यासारखे दुसरे घर नसेल. बाण आडवा सरकतो पण वर-खाली सरकत नाही, किंवा उलट, असे झाले की आतल्या दोन रुळांपैकी एकावर मळाचा पट्टा चढला आहे असे ओळखावे. तळाची गोल चकती फिरवून गोळी काढली की दोन बारीक रूळ आणि एक स्प्रिंगचे चाक दिसते. रुळाच्या मधोमध काळी कडक वळी बसलेली असते, ती दात कोरण्याच्या काडीने खरवडून वर स्पिरिटचा बोळा फिरवला की माऊस पुन्हा नव्यासारखा चालतो. हे आम्ही अठरा वर्षे केले. शेवटी वायर गळ्यापाशी तुटली, म्हणून नवा घ्यावा लागला.

तिथे मी फसलो. गावातल्या दुकानातून यूएसबीचा ऑप्टिकल माऊस आणि त्याला जुन्या गोल पोर्टमध्ये बसवणारा हिरवा कन्व्हर्टर, असे दोन्ही मिळून ३८० रुपयांना आणले. लावल्यावर तळाचा लाल दिवा लागला, त्यामुळे माऊस चालू आहे अशी खात्री वाटली. पडद्यावर बाण मात्र ढिम्म. दोन दिवस ड्रायव्हर काढणे-घालणे यात गेले. खरे कारण साधे होते. हा हिरवा कन्व्हर्टर म्हणजे केवळ तारा इकडच्या तिकडे जोडणारी टोपी असते, तिच्यात भाषांतर करणारी चिप नसते. माऊसलाच यूएसबी आणि पीएस-टू (म्हणजे त्या जुन्या गोल पोर्टची) अशा दोन्ही भाषा येत असतील तरच टोपी उपयोगी पडते. जुन्या काळी ज्या माऊसच्या खोक्यातच टोपी मिळे, त्यांना त्या येत असत. आजच्या बहुतेक स्वस्त माऊसना फक्त यूएसबी येते. दिवा लागतो तो ५ व्होल्ट पोचतात म्हणून, संवाद होतो म्हणून नव्हे. दुकानदाराने परत घेतला नाही. कन्व्हर्टरचे ते ६० रुपये पूर्ण पाण्यात गेले.

मग तोच माऊस यूएसबीत लावला, तो चालला, आणि जोडीला यूएसबीचा कीबोर्डही आणला. सहा महिने सुरळीत गेले. पुढे तो डबीतला सेल मेला त्या सकाळी पडद्यावर ‘पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा’ असे आले, आणि एफ-वन दाबून काहीच होईना. बायोसची सेटिंग मूळपदावर गेली होती, आमच्या बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये ‘यूएसबी कीबोर्ड सपोर्ट’ बंद असतो, आणि तो चालू करायला बायोसमध्ये जायचे तर कीबोर्ड लागतो. शेजारच्या सायबर कॅफेच्या अडगळीतून जांभळ्या टोकाचा जुना गोल पिनेचा कीबोर्ड मागून आणला तेव्हा गाडे पुढे सरकले. त्याच दिवशी फॉन्टच्या पॅकेजला त्याचे डोंगलही सापडेना, कारण प्रिंटर पोर्टची पद्धतही बदलून गेली होती. ती बायोसमध्ये पुन्हा ईपीपी केल्यावर पॅकेज उघडले. तेव्हापासून बायोसच्या सगळ्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून छापलेले आहेत आणि ते कागद कॅबिनेटच्या आत चिकटवलेले आहेत. जुना संगणक बाळगणाऱ्याने सेल बदलण्याआधी एवढे तरी जरूर करावे.

शेवटी खरा पीएस-टू ऑप्टिकल माऊस तपकीर गल्लीतूनच, २६० रुपयांना घेतला. तो शोधायला चार दुकाने पालथी घालावी लागली; तीन ठिकाणी तोच कन्व्हर्टर पुढे केला गेला, चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या काकांनी माळ्यावरून खोके काढून दिले. आज पावणेदोन वर्षे तो रोज आठ तास चालतो. माऊसचे गोल पोर्ट हिरवे आणि कीबोर्डचे जांभळे असते, दोन्हींचा आकार एकच असल्याने अदलाबदल होते, आणि मग दोन्हीही चालत नाहीत. ही पिन यंत्र चालू असताना काढू-घालू नये. एक्सपीला माऊस सुरुवातीलाच दिसावा लागतो, मधेच घातलेला तो ओळखत नाही, आणि क्वचित बोर्डवरचा भागही जळतो. घाईत जबरदस्तीने घातल्यास सहापैकी एखादी पिन वाकते. ती सरळ करायला संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफिल उत्तम : तिचे तोंड पिनेवर चढवावे आणि हलकेच उभे करावे. आणि माऊस नाहीच लागला, तरी डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक ही तीन बटणे एकत्र दाबली की आकड्यांच्या बटणांवरून बाण हलवता येतो, पाचाच्या बटणाने क्लिक होते. फाइल वाचवून यंत्र रीतसर बंद करण्यापुरते ते पुरते.

या माऊसच्या तक्रारी दोन. चाक फिरवताना कुरकुर आवाज येतो, आणि वायर आखूड आहे, त्यामुळे कॅबिनेट टेबलाखाली ठेवणाऱ्यांना ती पुरणार नाही. बाण मधूनच उड्या मारतो ही तक्रार ऑपरेटरने सांगितली होती, पण तो दोष माऊसचा नव्हता. ऑप्टिकल माऊस तळाखालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि दोन चित्रांतला फरक मोजून हालचाल ठरवतो. आमच्या टेबलावर काच आहे, काचेखाली देवाचा फोटो आणि दरपत्रक आहे, आणि त्या गुळगुळीत काचेवर त्याला फरक दिसायचाच नाही. आम्ही कापून उरलेल्या करड्या पुठ्ठ्याचा तुकडा खाली ठेवला. आधी हौसेने चकचकीत आर्ट कार्डाचा ठेवून पाहिला होता, त्याच्यावर बाणाने तशाच उड्या मारल्या.

सेलला मी पाचपैकी पाच गुण देईन, अर्थात बंद पट्टीतला असेल तर. माऊसला साडेतीन, अर्धा कुरकुरीचा आणि एक आखूड वायरीचा कापला. कन्व्हर्टरला शून्य, मात्र तो खोक्यासोबत फुकट आलेला असेल तर फेकू नये, कारण त्या खोक्यातल्या माऊसला दोन्ही भाषा येत असण्याची शक्यता आहे. काकांच्या माळ्यावर तसल्या माऊसची आणखी तीन खोकी होती. दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा एकच उरले होते. ते मी घेऊन आलो आहे.